खेचराच्या पाठीवरचा हिरा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचा गुराखी-चित्रकार चार्ल्स रसेल आणि ओझ्याची जनावरे या विषयावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे चित्रकलेचे एक अध्यापक आणि एक पशुवैद्य यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : रसेलच्या एका चित्राचे नाव ‘व्हेन म्यूल्स वेअर डायमंड्स’ असे आहे, म्हणजे ‘खेचरे हिरे लेतात तेव्हा’. चित्र कितीदा निरखले, पण हिरा काही सापडला नाही. या नावाचा अर्थ काय?
— कला महाविद्यालयातील विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हिरा आहे, पण तो दोराचा आहे. खेचराच्या ओझ्यावर दोर आवळला की माथ्यावर चौकटच्या पत्त्यासारखी आकृती उमटते. या बांधणीला तिकडे ‘डायमंड हिच’ म्हणतात. ती मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलणाऱ्या खेचरवाल्यांकडून उत्तरेच्या डोंगरात पोचली. चित्राच्या नावातली गंमत ज्याने हा दोर आवळला आहे त्यालाच चटकन कळते, म्हणून बांधणी नीट समजून घ्या. कागद-पेन्सिल बाजूला ठेवा. एका स्टुलावर दोन उशा लटकवा, सुतळी घ्या आणि वाचता वाचता करून पाहा.

लागतो तो दोर ४० ते ४५ फूट लांब आणि साधारण अर्धा इंच जाड. त्याच्या एका टोकाला पोटाखालून जाणारा रुंद पट्टा असतो. पट्ट्याच्या एका बाजूला कडी आणि दुसऱ्या बाजूला आकडा. दोर कडीला बांधलेला असतो. खेचराच्या पाठीवर खोगीर, खोगिराच्या दोन्ही बाजूंना दोन भरलेल्या पेट्या किंवा गाठोडी, वर हलके सामान आणि त्यावर ताडपत्री, एवढे आधीच चढलेले असते.

जनावराच्या डाव्या बाजूला उभे राहून पट्टा ओझ्यावरून पलीकडे टाकायचा. मग वाकून पोटाखालून आकड्याचे टोक आपल्याकडे ओढून घ्यायचे. आता दोर पलीकडच्या कडीपासून वर चढून ओझ्याच्या माथ्यावरून आपल्या हातात आलेला असतो. तो आकड्यात अडकवून अंगातले सगळे बळ लावून ताणायचा. हा पहिला ताण ढिला राहिला तर पुढे कितीही ओढा, ओझे डुलतच राहणार.

आकड्यातून वर आलेल्या मोकळ्या दोराची एक दुमड करायची आणि ती माथ्यावरच्या ताणलेल्या दोराखालून मागून पुढे सारायची. दुमड मोठी करत पलीकडे न्यायची. तिथल्या गाठोड्याच्या पुढच्या कोपऱ्यावरून, बुडाखालून आणि मागच्या कोपऱ्यावरून ती बसवायची. मग परत अलीकडे यायचे. उरलेला दोर आपल्या बाजूच्या गाठोड्याला तसाच पुढून, खालून आणि मागून घ्यायचा, शेवटी मागच्या दिशेने खेचायचा आणि सरगाठ मारायची. गाठ अशी हवी की एका हिसक्यात सुटेल. जनावर घसरून पडले तर गाठी उकलत बसायला वेळ नसतो.

हा शेवटचा ओढा देताना माथ्याकडे बघा. मधला दोर दोन्हीकडून फाकतो, चार कोपरे चार दिशांना ताणले जातात आणि हिरा उघडतो. एकच दोर चारही कोपऱ्यांना धरतो, त्यामुळे एक कोपरा सैल पडला की तो ढिलेपणा सगळ्या दोरात वाटला जातो. हिरा लांबट किंवा तिरका पडला, तर बहुतेक वेळा एका बाजूचे ओझे जड असते किंवा खाली उतरलेले असते.

चुका ठरलेल्या आहेत. आवळताना खेचर पोट फुगवून धरते, म्हणून दहा पावले चालवून पुन्हा ताणायचे. वाटेला लागल्यावर १५-२० मिनिटांनी थांबून आणखी एकदा ताणायचे, कारण तोवर सामान बसते. नायलॉनचा दोर ताण पडला की लांबतो आणि त्याच्या गाठी सरकतात. अंबाडीचा दोर पकड चांगली देतो, मात्र भिजला की आखडतो, आणि पावसात त्याची गाठ बोटांनी सुटत नाही.

प्रश्न : रसेलने खरेच गुरे राखली होती, की स्टुडिओत बसून कल्पनेने चित्रे काढली?
— सेवानिवृत्त मुख्याध्यापक, कंधार

उत्तर : राखली, आणि वर्षानुवर्षे राखली. त्याचा जन्म १८६४ मध्ये सेंट लुईस शहरात, खात्यापित्या घरात झाला. १८८० मध्ये सोळाव्या वर्षी तो मोंटानाला गेला. मेंढ्या राखण्याचे पहिले काम त्याला जमले नाही. नंतर जेक हूवर या शिकाऱ्याने त्याला ठेवून घेतले. हूवर शिकारीचे मांस घोड्यांवर लादून विकायला नेत असे. ओझे बांधणे आणि ते डोंगर उतरून सुखरूप पोचवणे रसेल त्याच्याकडे पाहून शिकला. पुढे ज्युडिथ नदीच्या खोऱ्यात त्याने गुरांच्या कळपांवर रात्रपाळी धरली. रात्री जनावरे सांभाळायची आणि दिवसा चित्रे काढायची. रात्रपाळी इतरांना नको असायची, त्याला ती सोयीची होती, कारण उजेड त्याच्या हाती राहत होता. १८९३ पर्यंत हे चालले, मग तो पूर्णवेळ चित्रकार झाला. १८९६ मध्ये नॅन्सी कूपरशी लग्न झाले. चित्रांचे व्यवहार आणि किमती तिने हातात घेतल्या, आणि तिच्यामुळेच त्याच्या चित्रांना मोल आले, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रेट फॉल्स इथल्या घराशेजारी १९०३ मध्ये त्याने टेलिफोनच्या खांबांसाठीच्या ओंडक्यांचा स्टुडिओ बांधला. १९२६ मध्ये तो गेला.

त्याचे नाव झाले ते तळहाताएवढ्या एका चित्राने. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला होता. कुरणात चाऱ्याच्या मानाने गुरे फार होती. त्यावर तो भयानक हिवाळा आला. बर्फाच्या कवचाखालचे गवत जनावरांना उकरता येईना, आणि कळपच्या कळप उभ्या जागी मेले. मालकाने विचारले, गुरे कशी आहेत? उत्तराच्या पत्रासाठी रसेलने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हाडांचा सापळा झालेला एक बैल काढला, आणि त्याच्या मरणाची वाट बघणारे लांडगे. चित्र ‘चिनूकच्या प्रतीक्षेत’ या नावाने ओळखले जाते. चिनूक म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावरून खाली येणारा उबदार, कोरडा वारा. तो सुटला की काही तासांत बर्फ वितळते. आपल्याकडे ज्यांनी ७२ च्या दुष्काळात दावणीला उभी असलेली जनावरे पाहिली आहेत, त्यांना त्या बैलाची वर आलेली माकडहाडे आणि खाली गेलेली मान समजावून सांगावी लागणार नाही.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत दरवर्षी घोडी आणि गाढवे रेखाटतो. रिकामे जनावर जमते, पण ओझे घातले की चित्र खोटे दिसते. ओझे वरून चिकटवल्यासारखे वाटते. काय चुकत असावे?
— चित्रकला शिक्षक, लोहा (जि. नांदेड)

उत्तर : तुम्ही ओझे शेवटी काढत असाल. जनावर पुरे करून त्यावर गाठोडे ठेवले की ते तरंगते. आधी पाठीची रेघ, मग पोटपट्ट्याची रेघ काढा आणि ओझे या दोन रेघांवर लटकवा. वजन पाठीच्या कण्यावर टेकत नाही. ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर पसरते, आणि कण्यावर मोकळी जागा राहते. समोरून पाहिले तर दोन्ही पेट्यांच्या तळांची उंची सारखी हवी.

जागा महत्त्वाची. खोगिराचा पुढचा भाग फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, हाडाच्या मागे असतो, फऱ्यावर नाही, नाहीतर पाय पुढे टाकताना हाड घासते. मागे ओझे कमरेवर जाऊ नये, तिथे बरगड्यांचा आधार नसतो. पोटपट्टा पुढच्या पायांच्या मागे चारेक बोटांवर येतो. हौशी चित्रांत तो बेंबीपाशी दिसतो. तसा पट्टा वाटेत पुढे सरकून सैल पडेल आणि सगळे ओझे पोटाखाली फिरेल.

खेचर असेल तर मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा घोड्यापेक्षा सपाट काढा. या सपाटपणामुळेच उतारावर खोगीर पुढे घसरते, आणि म्हणून मांड्यांच्या मागून जाणारा रुंद पट्टा किंवा शेपटीखालची दुमची लागते. चढावर छातीपट्टा ताणलेला आणि मागचा पट्टा सैल, उतारावर नेमके उलटे. एवढे पाळले तरी जमीन न काढताही चढ-उतार कळतो. कान लांब, आयाळ विरळ, टापा अरुंद आणि उभट. चालताना पायांचा क्रम डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असा असतो.

दोर काढताना तो ताडपत्रीत रुतलेला दिसला पाहिजे. दोराच्या दोन्ही अंगांना कापडाच्या चुण्या दोराकडे धावतात. चुण्या नसतील तर दोर म्हणजे नुसती रेघ. आणि तांडा काढत असाल तर एका जनावराचा कासरा पुढच्याच्या खोगिराला थेट जाड दोराने बांधू नका. मध्ये बारीक सुतळीचा फास असतो. एखादे दरीत घसरले तर सुतळी तुटते आणि बाकीची वाचतात.

घंटी बांधलेली घोडीही ध्यानात ठेवा. खेचरे घोडीच्या मागे जीव टाकून जातात. त्यामुळे पुढे घंटीवाली घोडी, शक्यतो पांढरी, म्हणजे अंधारातही दिसेल. मुक्कामाला तिला एकटीला पायबंद घातला तरी खेचरे तिला सोडून लांब जात नाहीत.

अभ्यासाला यात्रेपुरते थांबू नका. यात्रेत जनावरे विक्रीला उभी असतात, ओझ्याखाली नसतात. वीटभट्टीवरची गाढवे रोज पाहायला मिळतात. बालाघाटातून मेंढरे घेऊन निघालेल्या धनगरांच्या घोड्यांवर आख्खे बिऱ्हाड असते: वाघर (मेंढरे कोंडायचे जाळे), भांडी, कोंबड्या, लहान कोकरे. तो भार पेट्यांच्या चौकोनांपेक्षा काढायला कितीतरी अवघड आणि सुंदर आहे. आधी विचारून, थोडे लांब बसून काढा.

प्रश्न : आमच्या तट्टवाच्या पाठीला एकाच जागी पुन्हा पुन्हा जखम होते. मलम लावले की भरते, ओझे घातले की उघडते. उपाय सांगा.
— मेंढपाळ, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : मलमाने बरी होणारी ही जखम नाही. कारण गादीत आहे. एकाच जागी होते याचा अर्थ तिथे गादी गोळा झाली आहे, खोगिराचे लाकूड टेकते आहे, किंवा एका बाजूचे ओझे जड असल्याने सगळे त्या बाजूला ओढले जाते आहे. दोन्ही गाठोडी काट्यावर तोला. फरक एक-दोन किलोच्या आत ठेवा. गादी उलटी करून हात फिरवा. गवत किंवा काथ्याचा गोळा झालेला असेल तर उसवून, पिंजून पुन्हा सारखा भरा. घामाने वाळून कडक झालेले पोते काढून टाका. खोगीर चढवण्याआधी पाठ हाताने झाडा. कुसळ किंवा वाळू अडकली तरी दिवसभरात कातडी सोलते.

जखम भरेपर्यंत त्या पाठीवर काहीही नको. मिठाच्या कोमट पाण्याने, लिटरला सपाट दोन चमचे मीठ घालून, दिवसातून दोनदा धुवा आणि माशा बसू देऊ नका. जळके ऑइल अजिबात लावू नका, त्याने कातडी भाजते. पू, दुर्गंधी किंवा सूज असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. बरी झाल्यावरही गादीच्या त्या जागेचा भराव काढून खोलगट ठेवा, म्हणजे दाब आजूबाजूला जाईल. तिथे पांढरे केस उगवले तर घाबरू नका. दाबाने केसांच्या मुळाचा रंग मेलेला असतो. (चित्रकार वाचकांनी हेही टिपावे. कामाच्या घोड्याच्या पाठीवरचे हे पांढरे ठिपके चित्रात क्वचितच दिसतात.)

ओझे किती? ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांचा छळ रोखण्यासाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत कमाल मर्यादा दिली आहे: गाढवाला ५० किलो, तट्टवाला ७०, खेचराला २००. ही कमाल आहे, रोजचे माप नव्हे. रॉकी पर्वतातले जाणकारही लांबच्या वाटेवर धडधाकट खेचरावर ७० किलोच्या आसपासच लादतात. त्याच नियमांनुसार दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचे किंवा लादायचे नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे रोजच. पहाटे निघा आणि अकराच्या आत सावली गाठा.

प्रश्न : रसेल खिशात मेण ठेवून बोलता बोलता जनावरे घडवायचा, असे वाचले. आमच्याकडे मे महिन्यात मेण हातात टिकेल का?
— विद्यार्थी, परळी

उत्तर : निव्वळ मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. चाळीस अंशांत घोड्याचे पाय वाकतील. मेण मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवा. थेट विस्तवावर ठेवू नका, पेट घेते. दहा भाग मेणाला एक भाग बारीक कुटलेली राळ घालून ढवळा. मेण घट्ट होते. राळ जास्त झाली तर ठिसूळ होऊन कान आणि शेपूट तुटतात. पायांत आधी बारीक तार घाला. काम सकाळी करा, आणि दुपारी पुतळी माठाच्या पाण्यात बुडवून ठेवा.