नदीकाठचं स्वस्त घर घ्यावं का?

नमस्कार सर. चाळीसगावात तितूर नदीजवळचं रो-हाउस २८ लाखांना मिळतंय, तसंच घर उंचावरच्या कॉलनीत ३३ लाखांना आहे आणि निवृत्तीचे ३५ लाख तुमच्या हातात आहेत. एजंट म्हणतो, समुद्र कुठल्या कुठे, इथे कसलं आलंय वादळ!

सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याचा उरलेला पट्टा मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र भिजवत पार अरबी समुद्रात गेला. अमेरिकेतलं अॅशव्हिल तर डोंगरातल्या खोऱ्यातलं शहर, तरी २०२४ च्या 'हेलीन' चक्रीवादळाने तिथे पूर आणलाच. आणि आपल्याकडे चक्रीवादळच हवं असंही नाही. २०२१ मध्येच, 'गुलाब'च्या आधी, ऑगस्टअखेर कन्नड घाटाच्या डोंगरात पाऊस कोसळला, दरडी आल्या, आणि तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. एजंट तेव्हा गावात नव्हता वाटतं.

म्हणजे ते पाच लाख सूट नाहीत, जोखमीचा मोबदला आहे. तो पुरेसा आहे का, हे पूररेषेवर ठरेल. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. ऐकायला लांबचं वाटतं. पण निळ्या रेषेवरच्या घरात २० वर्षं राहिलात तर निदान एकदा पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर फुकटातही नको. बांधकाम परवानगीचा घोळ, बँक नाक मुरडणार, पुढे गिऱ्हाईक मिळणार नाही.

दोन रेषांच्या मध्ये असेल तर विचार करता येईल, पण विमा पहिल्या दिवसापासून हवा. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर आणि वादळ दोन्ही धरलेले असतात. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. जमिनीची किंमत मात्र त्यात नसते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. २८ लाख घातले तर हातात सात उरतात, ३३ घातले तर दोन. त्यात नोंदणी आणि मुद्रांक शुल्क अजून धरलेलंच नाही. पेन्शन असली तरी दोघांचं आजारपण आहे. मी तुमच्या जागी असतो तर ही दोन्ही घरं सोडून उंचावर २२-२४ लाखांतला छोटा फ्लॅट शोधला असता, नाहीतर वर्षभर भाड्याने राहिलो असतो.

तरीही रो-हाउसच हवं असेल तर इसार देण्याआधी नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा बघा, आणि त्या गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा, २०२१ ला दुकानात पाणी किती होतं.