रागात कोणाला ‘मर जा’ म्हटलं आणि त्याने खरंच आत्महत्या केली तर ३०६ (आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं कलम) लागतं का?

नुसतं तेवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही, पण एफआयआर होऊ शकते आणि तिथूनच खरा त्रास सुरू होतो. आधीच्या भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३०६ म्हणजे आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०८, शिक्षा तीच, १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड, शिवाय अजामीनपात्र.

कोर्ट बघतं ते असं की तुम्ही त्याला मुद्दाम चिथावलं का, कट केला का, किंवा जाणूनबुजून मदत केली का, आणि त्याच्या आत्महत्येशी तुमच्या वागण्याचा सरळ संबंध लागतो का. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे मध्य प्रदेशातली हुबेहूब अशीच केस होती, भांडणात ‘जा मर’ म्हटलेलं, दोन दिवसांनी त्या माणसाने आत्महत्या केली, चिठ्ठीत आरोपीचं नावही होतं, तरी कोर्टाने केस रद्द केली, कारण रागाच्या भरात तोंडून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नाही. म्हणजे चिठ्ठीत नाव आलं की माणूस अडकलाच हा समज चुकीचा आहे.

पण रोजचा छळ, मारहाण, धमक्या, बदनामी असं सतत चालू असेल तर गोष्ट वेगळी, अशा वेळी सुटका व्हावी असं मलाही वाटत नाही. आणि लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळल्याचं सिद्ध झालं, तर त्यांनीच प्रवृत्त केलं असं कोर्ट गृहीत धरू शकतं.

एफआयआर झालीच असेल तर व्हॉट्सॲप चॅट, कॉल रेकॉर्डिंग काहीही डिलीट करू नका, आधी क्रिमिनलचा चांगला वकील गाठा आणि अटकपूर्व जामिनाचं बघा.