सही तुझी आहे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

बाबांच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कंपनीत डायरेक्टर म्हणून तुझं नाव लागलं, फार बरं वाटलं. फोनवर तू म्हणालीस, "काका, नियम इतके भराभर बदलतायत, पाळायचे तरी कुठले?" तेव्हा घाईत होतो, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

नियम बदलतायत हे खरंच आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा झाला. कोणती एंट्री कधी बदलली त्याची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला कामगारांचे २९ जुने कायदे जाऊन चार संहिता आल्या, आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावंच लागतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा लागू. ह्या तारखा सांभाळायला तुमचे सीए आहेत, कंपनी सेक्रेटरी (सीएस) आहेत. त्यांची फी वेळेवर देत जा आणि त्यांनी पाठवलेली मेल पूर्ण वाचत जा. पण त्यांना एक गोष्ट दिसत नाही. शॉपवर जे घडतं तेच कागदावर आहे का, हे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यात रोज उभ्या असणाऱ्या माणसालाच कळतं. तुझी सही म्हणजे त्याचीच ग्वाही.

हल्ली एमआयडीसीत एक बोलणं सारखं कानावर येतं, "आता जेल नाही, नुसता दंड आहे." ते ऐकून मला काळजी वाटते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या. हवा प्रदूषणाच्या कायद्यातही बऱ्याच ठिकाणी कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंत दंड आला. हेतू चांगला आहे. किरकोळ चुकीसाठी उद्योजकाला गुन्हेगार ठरवू नये, हे मलाही पटतं. पण दंड आला की कुणीतरी कॅल्क्युलेटर काढतो. भट्टीचा धूर गाळणारा बॅग फिल्टर चोवीस तास चालवायला वीजबिल किती, आणि सापडलो तर दंड किती? हे गणित तुझ्या टेबलावर येऊ देऊ नकोस. फिल्टर बंद असेल तर तो धूर शेजारच्या पुलाची शिरोली गावात घराघरांत जातो. त्या घरांतली माणसं तुमच्याच मोल्डिंग लाइनवर कामाला आहेत.

साच्यांतल्या वाया गेलेल्या काळ्या सॅण्डचंही (वाळूचं) तसंच. ठेकेदार "भरावाला टाकली" म्हणतो आणि बिल देतो. एक दिवस त्याच्या ट्रॅक्टरमागे गाडी घेऊन जा आणि कुठे टाकतो ते डोळ्यांनी बघ. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवेसुद्धा पाण्याखाली गेला होता. सखल रानात जे जे टाकलं होतं ते सगळं पंचगंगेत गेलं, आणि पंचगंगा पुढे इचलकरंजीला, शिरोळला जाते. तिथले लोक तुमचे गिऱ्हाईक नाहीत. म्हणून त्यांचा विचार बोर्डानेच करायचा.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे ते सांगतो. टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे मालाच्या तपासणीचे आकडे लिहून गिऱ्हाइकाला देतो तो कागद.

महिनाअखेर आहे. गाडी गेटवर लागलेली आहे, ड्रायव्हर दोनदा विचारून गेलाय. धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रो मशीनच्या खोलीत क्वालिटीचा पोरगा एकटा आहे, डिप्लोमा होऊन वर्षही झालेलं नाही. एका हीटमध्ये (भट्टीच्या एका वेळच्या वितळणीत) सिलिकॉन मर्यादेच्या जरा बाहेर गेलंय, हार्डनेसही काठावर. डिस्पॅचवाला दारातून म्हणतो, "मागच्या हीटचा रिपोर्ट लाव आणि गाडी सोड." त्या कास्टिंगवर हीट नंबर उठलेला असतो, तो पुसता येत नाही. पण कागदावरचा आकडा बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तो पार्ट ब्रेक ड्रम असेल तर उद्या घाटात कुणाच्या ट्रकखाली असेल, हे त्या खोलीत बसून कुणालाच दिसत नाही.

लोक म्हणतात, पोरगा प्रामाणिक पाहिजे. मी म्हणतो, त्याला प्रामाणिक राहता येईल अशी व्यवस्था पाहिजे. तुमच्याकडे क्वालिटी प्रॉडक्शनच्या हाताखाली आहे, आणि प्रॉडक्शनचा इन्सेंटिव्ह टनावर आहे. अशा ठिकाणी खोटं सर्टिफिकेट निघायला कुणी वाईट माणूस लागत नाही. क्वालिटी थेट तुझ्याकडे घे. हीट बसत नसेल तर गाडी थांबवायचा अधिकार त्या पोराला लेखी दे. आणि पहिल्यांदा तो खरंच गाडी थांबवेल, तेव्हा सगळ्यांसमोर त्याच्या बाजूने उभी राहा. शॉपवर माणसं नोटीस बोर्ड वाचत नाहीत, त्या दिवशी मालक काय बोलला ते लक्षात ठेवतात. सरळ मार्गही आहेच. कस्टमरला फोन करायचा, खरा आकडा सांगायचा आणि डेव्हिएशन, म्हणजे तेवढ्या फरकाला मंजुरी, लेखी मागायचं. तो कधी देईल, कधी माल परत वितळवावा लागेल. तेवढं नुकसान सोसायची ताकद कंपनीत आहे, मी ताळेबंद बघितलाय.

पुढचा विषय नाजूक आहे. भंगार तुमच्या चुलतभावाच्या फर्मकडून येतं. भाव बाजारापेक्षा जास्त आहे असं मी म्हणत नाही. पण तो रास्त आहे हे दाखवायला आज फाइलमध्ये एकही कागद नाही. घरचा व्यवहार असणं गुन्हा नाही, तो झाकलेला असणं वाईट. डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या बोर्डाने राजू कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायचा ठराव पास केला. बोर्डावर नावाजलेली माणसं होती. गुंतवणूकदार खवळले, ठराव लगेच मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ ला हिशेबातला खोटेपणा अध्यक्ष रामलिंग राजूंनीच पत्र लिहून कबूल केला. सुरुवातीची तफावत लहान होती, वर्षागणिक वाढत गेली, असं त्याच पत्रात आहे. तुमची कंपनी कुठे आणि ती कुठे, हे मला कळतं. पण बोर्डात बसलेल्यांनी "हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा?" हे शेवटपर्यंत लावून धरलं नाही तर काय होतं, ते कंपनीच्या आकारावर अवलंबून नसतं. दर तिमाहीला बाहेरची दोन कोटेशन घे, भाव लिहून ठेव, आणि ठरावाच्या वेळी त्या चुलतभावाच्या वडिलांना, धाकट्या काकांना, बाहेर बसायची विनंती कर. त्यांना राग येईल. समजुतीने सांग, पण सांग.

आणि उद्यमनगरातल्या तुमच्या पॅटर्नवाल्याचे (साच्यासाठी नमुने बनवणाऱ्याचे) पैसे चार-चार महिने थकतात, हे मला बघवत नाही. लघुउद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवं, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. यावर "तू लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणीच रद्द कर, मग ऑर्डर देतो" असं लहान माणसाला सांगणारे मी ऐकलेत. तुमच्याकडून असं कुणी बोलता कामा नये. मोठ्या कंपनीकडून वेळेवर पैसे मिळावेत म्हणून तुम्हीही हाच कायदा दाखवता ना?

१ डिसेंबर २०२५ पासून छोट्या कंपनीची व्याख्या वाढली, भांडवल दहा कोटी आणि उलाढाल शंभर कोटींपर्यंत. तुम्ही त्यात बसता, वर्षाला दोन बोर्ड मीटिंग पुरतात. तुझे बाबा म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. तू मात्र चार घे, आणि खरोखर बसून घे. वर्षाअखेरी एका दुपारी मीटिंगची सगळी मिनिट्स (इतिवृत्तं) एकाच पेनाने लिहून काढलेली पुस्तकं मी पुष्कळ बघितलीत. कायद्याने मिनिट्स तीस दिवसांत लिहायची असतात, पण तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळं आहे. तुझा एखादा विरोध त्यात जसाच्या तसा उतरला पाहिजे.

बाबांशी वाद घालताना एवढं ध्यानात ठेव, त्यांनी ही फाउंड्री ज्या काळात उभी केली तेव्हा परवान्यांसाठी माणूस पिचून जायचा. त्यांचा नियमांवरचा राग तिथून आलाय. लबाडी त्यांच्यात नाही. कामगारांसमोर त्यांना कधी दुरुस्त करू नकोस. केबिनमध्ये, कागद समोर ठेवून बोल, ते ऐकतात.

एप्रिलच्या पहिल्या मीटिंगला सगळ्या डायरेक्टरांचे एमबीपी-१ फॉर्म भरून घ्यायचे आहेत, कुणाचा कुठल्या फर्ममध्ये हितसंबंध आहे ते त्यात येतं. तुझाही भर, आईच्या नावावरचं गोडाऊन कंपनीला भाड्याने आहे तेही मीटिंगमध्ये सांगायला विसरू नकोस. नोटीस काढण्याआधी अजेंडा मला पाठव. भंगाराच्या खरेदीचा विषय त्यात वर घे, शेवटी ठेवलास की तो पुढच्या मीटिंगवर जातो.

तुझे,
काका