मुंबई–लंडन: जाताना दहा तास, येताना पावणेनऊ, असं का?

प्रश्न: मुलगी लंडनला शिकते, तिच्याकडे जानेवारीत पहिल्यांदाच जातोय. मुंबई ते हीथ्रो अंतर सुमारे 7,200 किमी दाखवतात. ताशी 900 किमी धरले तर आठ तास पुरायला हवेत. तिकिटावर जाताना दहा तास आणि येताना 8 तास 40 मिनिटं आहेत. हिशेब कुठे चुकतोय?
– एक वाचक, सातारा

उत्तर: भागाकार बरोबर आहे, पण त्यातले दोन्ही आकडे प्रत्यक्ष उड्डाणाचे नाहीत.

आधी अंतर. 7,200 किमी म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची वाट. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ कुवेत-इराकवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. तो कराची, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन असा बराच उत्तरेकडून जातो. या वाटेने आज जाता येत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना एप्रिल 2025 मध्ये बंद केली. वळसा 400 किमीचा धरला तर अंतर 7,600 होतं.

आता वेग, कारण खरी गोम इथेच आहे. ताशी 900 किमी हा विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग, आणि ती हवाच वाहत असते. हिवाळ्यात इराण ते उत्तर भारत या पट्ट्यात 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. त्याचा वेग ताशी 150 किमीच्या पुढे सहज जातो. विमान त्याला तिरकं कापतं, म्हणून सगळ्या वाटेवर सरासरी 60 किमीचा वारा धरू. जाताना वारा समोरून, म्हणून जमिनीच्या मानाने वेग 840, म्हणजे 9 तास 3 मिनिटं. येताना 960, म्हणजे 7 तास 55 मिनिटं. वारा नसता तर 8 तास 27 मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना 36 मिनिटं जातात, येताना 32 मिळतात. पूर्ण भरपाई कधीच होत नाही.

उरली पाऊणएक तासाची भर. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढताना-उतरतानाचा कमी वेग हे सगळं त्यात येतं. हीथ्रोवर सकाळी गर्दी असते. पूर्वेकडून आलेली विमानं बहुधा लंडनजवळच्या लॅम्बोर्न किंवा बिगिनच्या आकाशात घिरट्या घालत थांबतात. एका फेरीला चारेक मिनिटं. कंपनी हे धरूनच वेळापत्रक छापते, म्हणून घिरट्या टळल्या तर विमान वेळेआधी पोचतं.

प्रश्न: परतीचं विमान लंडनहून रात्री 9 ला सुटून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी 11:10 ला पोचतं. हे तर 14 तास 10 मिनिटं झाले!
– तेच वाचक

उत्तर: तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. जानेवारीत भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो. 14:10 मधून 5:30 वजा करा, 8:40 उरतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातात. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचारच वजा करायचे.

जाताना तारीख मात्र नीट बघा. 15 जानेवारीच्या पहाटे 2 चं विमान असेल तर 14 तारखेच्या रात्री साडेदहा-अकरालाच विमानतळावर हवं. साताऱ्याहून दुपारीच निघा.