भुलेतल्या पेशंटची वेदना डोळ्याच्या बाहुलीवरून कशी ओळखावी?

प्रश्न असा आहे: सांगलीतलं लहान हॉस्पिटल, प्युपिलोमीटर (बाहुली मोजणारं यंत्र) नाही, पेशंटला मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारं बीटा-ब्लॉकर औषध) चालू असल्यामुळे नाडी वेदनेला साथ देत नाही. मग बाहुली बघून फेंटानिल (ओपिऑइड गटातलं, म्हणजे अफूसारखं वेदनाशामक) किती द्यायचं ते ठरवावं का?

ठरवता येतं. पण बाहुली किती मोठी आहे यावरून नाही, कळ लागल्यावर ती किती फाकली यावरून. जागेपणी ती सिंपथेटिक (ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणाऱ्या) नसांमुळे फाकते. भुलेत मात्र तिला लहान ठेवणारं मेंदूतलं एडिंगर-वेस्टफाल केंद्र दबतं, म्हणून फाकते. त्यामुळे बीटा-ब्लॉकर फारसा आडवा येत नाही, स्नायू सैल करणारं व्हेक्युरोनियमही नाही. ओपिऑइड वाढेल तसं फाकणं कमी होतं.

कृती अशी. ऑपरेशनचा दिवा डोळ्यावरून वळवा आणि दुसरा डोळा झाकलेलाच ठेवा, कारण त्यावर उजेड पडला तरी ही बाहुली आकसते. पापणी अलगद उचला, बुबुळाला बोट लागू देऊ नका, अर्धा मिनिट थांबा. पेनटॉर्चवर छापलेल्या मापाने व्यास घ्या. टॉर्च बाजूने धरा, थेट आत मारू नका. मग नर्व्ह स्टिम्युलेटरने (नसेला विजेचे झटके देणारं यंत्र) हातावर ५ सेकंद टेटॅनिक, म्हणजे सलग झटक्यांची कळ द्या आणि पुन्हा मोजा. २ मिमीची २.६ झाली तर ३० टक्के फाकली, म्हणजे वेदनाशमन कमी पडतंय. आधी भुलेचा गॅस पुरेसा आहे का बघा. मग ०.५ ते १ मायक्रोग्रॅम प्रति किलो फेंटानिल, आणि ५ मिनिटांनी तीच कळ पुन्हा. बाहुली बारीक आणि हलतच नसेल तर आणखी देऊ नका, शेवटी श्वास मंदावतो. नुसत्या डोळ्याने अर्ध्या मिमीखालचा फरक मात्र भरवशाचा नाही.

जास्त चुका इथे होतात: मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा, जुना मधुमेह, डोळ्यात घातलेलं अॅट्रोपिन (बाहुली फाकवणारं औषध). आपल्या भागात पहिले दोन तर रोजचेच, म्हणून भूल देण्याआधीच दोन्ही बाहुल्या उजेडाला आकसतात का बघून कागदावर लिहा. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने फाकणं दबतं आणि खोटा दिलासा मिळतो. त्याऐवजी ऑनडॅन्सेट्रॉन वापरा.

पूर्ण भुलेत पायाचा ब्लॉक (तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन) तपासायला ही युक्ती फार उपयोगी आहे: मांडीवर कळ दिली तर बाहुली शांत आणि हातावर दिली तर फाकते, म्हणजे ब्लॉक लागलाय.

रिकव्हरीत, शुद्धीवर आलेल्या पेशंटला मात्र सरळ विचारा: शून्य ते दहात किती दुखतंय? तिथे बाहुलीचा नुसता आकार वेदना सांगत नाही. आणि त्याला टेटॅनिक तर मुळीच देऊ नका.