सकाळी ६ ला घेतलेली लघवी लॅबला ९ वाजता दिली तर चालेल का?

तुमची अडचण अशी आहे: आईंची युरिन रुटीन (लघवीची नेहमीची तपासणी) करायची आहे, घर घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, लॅब ठाणे स्टेशनजवळ आणि ती उघडते ९ ला. सकाळी ६ ची लघवी कॉफीच्या धुतलेल्या बाटलीत घालून ऑफिसच्या बॅगेतून न्यायचा विचार आहे. मी नवी मुंबईत लॅब टेक्निशियन आहे, दिवसभर हेच करतो. कॉफीची बाटली नको आणि बॅग तर नकोच.

लघवी फार तर दोन तासांत तपासली जावी. घोडबंदर रोडचा सकाळचा ट्रॅफिक धरला तर तुमच्या ३ तासांचे ४ व्हायला वेळ लागत नाही. तेवढ्यात आपल्याकडच्या उकाड्यात जंतू वाढतात. ते युरियापासून अमोनिया तयार करतात, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) चढतो आणि पीएच फार चढला की स्ट्रिपवरचा, म्हणजे लघवीत बुडवायच्या रंगीत चौकोनांच्या पट्टीवरचा, प्रोटीनचा चौकोन उगाच हिरवट होतो, म्हणजे प्रोटीन नसताना आहे असं दिसतं. नायट्राइटचा (जंतू असल्याची खूण) गुलाबी होऊ शकतो. उलट शुगर असली तर जंतू ती खाऊन टाकतात आणि रिपोर्टला कमी येते. उजेडात राहिली तर बिलिरुबिनही (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) उतरतं. मग रिपोर्टात आईंची तब्येत कमी आणि बॅगेतला प्रवासच जास्त दिसतो.

बाटलीचं म्हणाल तर, धुतली तरी तिच्यात काहीबाही राहतंच. ब्लीचचा अंश राहिला तर रक्त आणि शुगर दोन्ही खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात. लॅबमधून किंवा मेडिकलमधून नवी डबी घ्या.

सगळ्यात सोपं म्हणजे आईंनाच लॅबमध्ये न्या. रुटीनला सकाळची पहिलीच लघवी हवी असं नाही. ती दाट असते म्हणून बरी, एवढंच. इन्फेक्शनची शंका असेल तर मात्र लघवी निदान ४ तास मूत्राशयात राहिलेली बरी, नाहीतर नायट्राइट निसटतं. घरूनच न्यायची असेल तर घेतल्या घेतल्या झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही), बर्फाच्या पिशवीसोबत न्या आणि काउंटरवर तसं सांगा. गार लघवीत शुगरचा चौकोन नीट रंगत नाही, म्हणून ती आधी खोलीच्या तापमानाला आणावी लागते.

घेताना आधी पाण्याने धुवायचं, पुढून मागे. पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत. डबीला आतून बोट लागू द्यायचं नाही. अर्धी डबी पुष्कळ झाली. लोक काठोकाठ भरून आणतात आणि आमचं टेबल पुसायचं काम वाढवतात. नाव डबीवर लिहा, झाकणावर नको, कारण आमच्याकडे झाकणं उघडून बाजूला ठेवली जातात. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा; त्यांच्यामुळे रक्त आणि शुगर असूनही स्ट्रिपवर निगेटिव्ह येऊ शकतात.

घरी स्ट्रिप आणून बघू का, असंही विचारलंय. बघा, पण डबी हलकेच हलवून मगच स्ट्रिप बुडवा, लगेच काढा, कडा टिश्यूला टेकवून आडवी धरा. प्रत्येक चौकोनाची वेळ वेगळी असते: बहुतेक स्ट्रिपवर शुगर ३० सेकंदांच्या आसपास, पांढऱ्या पेशी २ मिनिटांनी. पाच मिनिटांनी दिसणाऱ्या रंगाला काही अर्थ नाही. पावसाळ्यात स्ट्रिपच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर एक्सपायरी पुढची असूनही स्ट्रिप वाया जातात.

आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर कल्चरही (जंतू वाढवून बघायची तपासणी) लिहिलं असेल तर निर्जंतुक डबी वेगळी मागून घ्या, आणि नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या.