वाचक विचारतात : सिंडिकेटमध्ये ज्येष्ठांचंच उत्तर का ठरतं?

प्रश्न : आमच्या लष्करी महाविद्यालयात गटाने प्रश्न सोडवण्याची पद्धत सुरू केली. बारा अधिकाऱ्यांचं सिंडिकेट (म्हणजे अभ्यासगट), एक काल्पनिक प्रसंग, तीन तास. अर्ध्या तासात सर्वांत ज्येष्ठ अधिकारी तोडगा सांगतात आणि बाकीचे उरलेला वेळ तोच नकाशावर रंगवतात. चूक कुठे आहे?

उत्तर : हुद्द्याचा दबाव असतोच, पण खरी खोट बहुधा प्रसंगाच्या कागदात असते. सगळ्यांच्या हाती एकच कागद असेल तर अनुभवी माणसाला इतरांची गरजच उरत नाही. म्हणून माहिती वाटून द्या : थोडी सर्वांच्या कागदावर, बाकीची एकेकाच्या वेगळ्या कार्डावर. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रयोगातून दाखवलं की गट सर्वांना ठाऊक असलेलंच घोळवत बसतो. एकाकडेच असलेली माहिती पुष्कळदा टेबलावर येतच नाही. ती बाहेर काढायला शिकणं हाच या तासाचा धडा आहे.

उदाहरण घ्या. पथकाला पहाटेपूर्वी नदी ओलांडायची आहे. सर्वांकडच्या कागदावर फक्त नकाशा, आदेश आणि 'जवळचा पूल शाबूत आहे' एवढंच. अभियंत्याच्या कार्डावर पुलाची क्षमता ३० टन. रणगाडा अधिकाऱ्याच्या कार्डावर वाहनाचं वजन ४१ टन. टेहळणीच्या कार्डावर प्रवाहाच्या वरच्या अंगाला ४ किलोमीटरवर खडकाळ तळाचा उतार (नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा), पहारा नाही. चौथ्या कार्डावर रात्री २ वाजता धरणातून पाणी सुटणार. एकेक कार्ड पाहून कोणालाच पूल सोडावासा वाटत नाही; चारही जुळली की दोनच्या आत उताराने जाण्यावाचून पर्याय राहत नाही. कार्ड सहा ओळींहून मोठं नको. ते दाखवायचं नाही, बोलून सांगायचं. आधी हा प्रसंग एका सहकाऱ्याकडून सोडवून घ्या : नुसत्या सामाईक कागदावर आणि सर्व कार्डांवर त्याचं उत्तर सारखंच येत असेल, तर प्रसंग फेकून द्या.

बारा जणांचे सहा-सहाचे दोन गट करा. पंधरा मिनिटं वाचन, दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने योजना लिहायची. मग दोन-दोन मिनिटं मांडणी, सर्वांत कनिष्ठापासून. अनेक सैन्यांत कोर्ट-मार्शलमध्ये मतं कनिष्ठापासून घेतात, तीही याच कारणासाठी. लिखाण आधी झालेलं असल्याने ज्येष्ठांचं ऐकून मत बदललं तर कागदावर दिसतं. पुढे पंचावन्न मिनिटं चर्चा. चर्चेच्या चाळिसाव्या मिनिटाला नवी खबर द्या. तिने एक गृहीतक मोडावं, सगळी योजना नव्हे, नाहीतर गट हातातलं सोडून पुन्हा शून्यावर येतो. वीस मिनिटं सादरीकरण. आढाव्याला पंचेचाळीस मिनिटं राखून ठेवा. वेळ कमी पडला की पहिला बळी आढाव्याचा जातो, आणि शिकणं तर तिथेच होतं.

प्रश्न : प्रशिक्षकाने मध्ये बोलावं का?

उत्तर : उत्तर सुचवण्यासाठी कधीच नाही. प्रशियात १८२४ साली रायस्वित्झ या लष्करी अधिकाऱ्याने सैन्यापुढे मांडलेल्या युद्धखेळात १:८००० चा नकाशा, दोन मिनिटांची एक चाल आणि मध्ये पंच होता. पंच फक्त परिणाम सांगे : तुमची तुकडी इथवर पोचली, एवढं नुकसान झालं. तीच भूमिका घ्या. गट अडला तर 'हे तुम्हाला कोणाकडून कळलं?' एवढंच विचारा. आढाव्यातही तयार डीएस सोल्यूशन (प्रशिक्षकांचं नमुना उत्तर) वाटू नका. एकदा वाटलं की पुढच्या वेळी सारे नदी सोडून तुमच्या मनातलं उत्तर शोधू लागतात. त्याऐवजी चारही कार्डं उघडी करा आणि कोणती माहिती कितव्या मिनिटाला बोलली गेली ते फळ्यावर लिहा.

प्रश्न : गुण गटाला द्यावेत की व्यक्तीला?

उत्तर : दोघांना. फक्त गटाला दिले तर एकदोघे आरामात मागे बसतात. फ्रेंच कृषी अभियंते रिंगेलमान यांच्या १९१३ च्या नोंदींत आठ जणांनी मिळून दोर ओढला, तेव्हा एकूण जोर त्यांच्या सुट्या जोराच्या बेरजेच्या निम्म्यावर आला होता. म्हणून चर्चेनंतर प्रत्येकाकडून वीस मिनिटांत एक पानी कार्यवाही आदेश लिहून घ्या. तो त्याने आधी एकट्याने लिहिलेल्या योजनेशेजारी ठेवून पाहा : दुसऱ्याच्या कार्डावरची माहिती त्यात आली आहे का? गुण त्यालाच.